ओढणीच्या आतला वास

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आमची सकाळची शाळा अकराच्या सुमारास सुटते आणि तोवर अमळनेरकडचं ऊन असं पेटलेलं असतं की तोंड उघडं ठेवून स्कूटी चालवायची सोय नसते. सगळ्या बाया बांधतात तशी मी ओढणी कपाळापासून हनुवटीखालपर्यंत घट्ट बांधली, गॉगल चढवला आणि निघाले. गावाबाहेरच्या मोठ्या निंबापर्यंत आले आणि कसलातरी वास यायला लागला. वाटलं, रस्त्याच्या कडेला काही मेलंय. वेग वाढवला तरी वास सोबतच. पुलापाशी थांबून ओढणी सोडली तर वास गेला. पुन्हा बांधली, पुन्हा आला.

माझ्याच श्वासाचा वास होता तो.

मला तिसरा महिना लागला होता. घरात आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना तेवढं माहीत होतं. उलट्या दिवसातून पाच-सहा वेळा. प्रत्येक उलटीनंतर तोंड इतकं आंबट व्हायचं की मी लगेच ब्रश घ्यायचे आणि खसाखसा घासायचे. आपण तोंडाची एवढी काळजी घेतोय, तरी वास का, हेच मला कळेना. थुंकले की बेसिनमध्ये गुलाबी धार दिसायची. आधी चार दिवसांतून एकदा, मग रोज, मग भाकरीचा तुकडा चावला तरी त्यावर रक्ताचा ठिपका.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. पहिलीच्या लेकराला अक्षर गिरवायला शिकवायचं तर त्याच्या पाटीवर वाकावं लागतं, त्याचा हात हातात धरून ‘ग’ आणि ‘म’ काढावा लागतो, कानाशी बोलावं लागतं. त्या दिवसापासून मी वाकायचं सोडलं. फळ्यापाशी उभी राहून लांबून सांगायला लागले. कुणी लेकरू जवळ आलं की तोंडावर पदर. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची धरली. ह्यांच्याशी बोलतानाही मान वळवून बोलायचे. त्यांना वाटलं मी कशावरून तरी रुसले आहे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. ओकाऱ्या सांगता येतात, कंबर दुखते ते सांगता येतं, चिंच खावीशी वाटते हे तर कौतुकानं सांगता येतं. तोंडाला वास येतो हे सांगायला जीभ उचलत नाही. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, रावेर तालुक्यात गेले. आमच्याकडे लेकी दिवाळीला आल्या नाहीत तरी चालतं, आखाजीला यायलाच हव्यात. मायनं खापरावरचे मांडे केले होते, आमरसाची मोठी पातेली भरली होती. दुपारी आंब्याच्या फांदीला झोका बांधला आणि सगळ्या पोरीबाळी गाणी म्हणायला बसल्या. मी ओट्यावर एका बाजूला पदर लावून बसले. ताई म्हणाली, ‘बस गं जवळ, झोक्यावर नको बसू, पण गाणं तरी म्हण.’ मी डोकं दुखतंय म्हणाले.

रात्री आमरस बाहेर आला, त्यानंतर दोन दिवस पोटात पाण्याचा घोटही टिकला नाही. तिसऱ्या दिवशी माय माझ्या अंथरुणाशी बसली, जरा वाकली आणि म्हणाली, ‘तुह्या तोंडाले केळी पिकल्यासारखा वास येतो व.’ रावेरच्या बाईला हा वास ओळखता येणारच. घरामागेच केळीची बाग, पिकून काळी पडलेली फणी कोपऱ्यात राहिली की सगळ्या घराला जो गोडसर, आंबूस दर्प येतो, तोच. तिनं भावाला लगेच गाडी काढायला लावली.

दवाखान्यात लघवी तपासली, सलाईन लावलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पोटात अन्न राहत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, ते लघवीतून आणि श्वासातूनही बाहेर पडतात. हा वास दातांचा नाही, उपाशीपोटाचा आहे. असा गोड, फळ सडल्यासारखा वास येतोय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी आणि गडद होतेय, तर घरी लिंबूपाणी पाजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. साखर वाढलेल्या बाईच्या श्वासालाही असाच वास येऊ शकतो, म्हणून त्यांनी रक्तातली साखरही पाहिली. माझी बरोबर निघाली.

सलाईन चालू असताना मी पहिल्यांदा धीर करून विचारलं, ‘डॉक्टर, माझ्या तोंडाला एरवीसुद्धा वास येतो. मी तर उलटी झाली की लगेच ब्रश करते.’

‘तेच बंद करा,’ त्या म्हणाल्या. उलटीसोबत जठरातलं आम्ल तोंडात येतं. त्यानं दातांवरचं कठीण कवच तात्पुरतं मऊ पडतं, आणि त्यावर लगेच ब्रश चालवला तर ते मऊ कवच आपणच खरवडून काढतो. उलटीनंतर फक्त चूळ भरायची. पेलाभर पाण्यात छोटा चमचा खायचा सोडा घातला तर आम्ल मारलं जातं. ब्रश करायचा तो निदान अर्ध्या तासानं, तासाभरानं केला तर अजून बरं. मी महिनाभर दिवसातून पाच-सहा वेळा नेमकं उलटं करत होते.

इथे एक गोष्ट आमच्याकडच्या बायांसाठी मुद्दाम लिहिते. ते दिवस बिबड्या-पापडांचे. घरी येऊन सोडा मागितला तर शेजारच्या काकूंनी मायेनं वाटीत आणून दिला तो पापडखार. दिसायला सारखाच. तो चुळीला वापरायचा नाही, फार तीव्र असतो. खायचा सोडा वेगळा.

चुळीमुळे तोंडाचा आंबटपणा गेला. हिरड्यांचं रक्त मात्र थांबेना, आणि खाली उजवीकडच्या दाढेत अन्न अडकायला लागलं. त्या दाढेला कीड लागलीय हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. दुखत नव्हती म्हणून ठेवली होती. आता काडीनं कोरलं की काडीला तोच वास, ओढणीतला.

मेच्या मध्यावर, चौथ्या महिन्यात, मी एका दंतवैद्यांकडे गेले. खुर्चीवर बसले, त्यांनी तोंडात आरसा घातला, आणि गरोदर आहे म्हटल्यावर आरसा बाहेर काढला. ‘बाळंतपण होऊ द्या, मग बघू. या दिवसांत एक्स-रे नको, इंजेक्शन नको, उगाच जोखीम कशाला?’ आवाजात तिरसटपणा अजिबात नव्हता, काळजीच होती. त्यामुळे मलाही ते पटलं. घरी सांगितलं तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोटमा पोर शे, दातले हात लावू नको.’ आणि आजेसासूबाई, ज्यांना आम्ही सगळे मोठी माय म्हणतो, त्यांनी आपलं उदाहरण दिलं: ‘माले चार पोरं व्हयनात, चार दात गयात. हाऊ हिशोबच शे.’ एका लेकराला एक दात, बाळ आईच्या दातातलं चुनं ओढून घेतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी कंबरेची डबी काढली आणि मायेनंच पुढे केली. ‘जराशी मिसरी लाव, रगत थांबी जाई.’

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आमच्या भागात कितीतरी बायांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही. हिरडीवर बोट फिरवलं की जरा बधिर होतं, बरं वाटतं, म्हणून बाळंतपणातही लावतात. मी घेतली नाही, कारण तंबाखू आहे एवढं तरी मला ठाऊक होतं. गावच्या आशा सेविकेनं नंतर नीट समजावलं: तंबाखू ओढली काय, चघळली काय, की हिरडीला चोळली काय, निकोटीन रक्तात जातं आणि रक्तातून बाळापर्यंत, बाळाचं वजन कमी भरतं. हिरडीचं रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण आतला आजार झाकला जातो. मोठ्या मायची सवय मोडेल असं मला वाटत नव्हतं, मोडलीही नाही. पण मिसरी माझ्यासमोर भाजायची नाही, एवढं त्यांनी मान्य केलं, कारण तो धूरही मला सोसत नव्हता.

असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांचं मला अजूनही वाईट वाटतं.

जुलैच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून सुरू आहे, दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, पोट, रक्त, सगळं झालं. हिमोग्लोबिन 9.6, कमीच. सिस्टरनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, मग म्हणाल्या, ‘जीभ दाखवा.’ मी तोंड अर्धवटच उघडलं, हात आडवा धरून. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच विचारलं, ‘हिरड्यांतून रक्त येतं का हो तुमच्या?’

मी रडले. भर ओपीडीत, बाकावरच्या बायांसमोर. त्यांनी मला पडद्याआड नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘ह्या दिवसांत निम्म्याहून जास्त बायकांच्या हिरड्या सुजतात. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.’ आतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी कार्डावर लिहून दिलं की दातांचे उपचार करायला हरकत नाही. सहावा महिना लागतोय, अजून वेळ चांगली आहे. ही चिठ्ठी फार कामाची. दंतवैद्याला धीर येतो, घरच्यांनाही येतो.

पुढच्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही दोघं बसनं धुळ्याला, दंत महाविद्यालयात गेलो. अमळनेरहून तासाभराचा रस्ता. तिथे आधी केसपेपर, मग तपासणीची खोली, मग ज्या विभागाची गरज त्या विभागाची चिठ्ठी. खाजगीच्या मानानं खर्च फारच थोडा, पण वेळ लागतो. सोबत डबा आणि पाणी न्यावं. मी दर दोन तासांनी खात होते म्हणून फुटाणे, शेंगदाणे, काकडी नेली होती.

हिरड्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी माझं कार्ड वाचलं, औषधं विचारली, मग खुर्ची मागे नेली आणि माझ्या उजव्या कंबरेखाली चादरीची गुंडाळी सरकवली, म्हणजे मी जराशी डाव्या कुशीवर कलले. म्हणाल्या, सरळ उताणं झोपलं की वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडतो, पायाकडून हृदयाकडे जाणारं रक्त अडतं आणि चक्कर येते. पुढच्या महिन्यांत हे जास्त जाणवतं. गरगरलं तर लगेच डावा हात वर करा.

मग बारीक खुणांची सळई. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद घालायची आणि खोली मोजायची. त्या आकडे बोलत होत्या आणि एक विद्यार्थिनी लिहीत होती: ‘दोन, तीन, चार, चार, पाच...’ तीनपर्यंत ठीक, त्याच्या पुढे आजार. माझे आकडे चार-पाचवर जास्त अडकत होते, आणि सळई निघाली की मागे रक्त.

‘मी दिवसातून दोनदा घासते हो,’ मी म्हणाले. मला ते सांगावंसंच वाटलं.

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि दाताच्या मुळाशी चिकटलेली पिवळट, मऊ रेघ दाखवली. हा जंतूंचा थर प्रत्येकाच्या दातांवर बसतो. एरवी हिरडी त्याच्यावर थोडीशी चिडते. पोटात बाळ असताना प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं वाढलेली असतात, हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि तेवढ्याच थरावर हिरडी फार जोरात चिडते. सुजते, लाल होते, हात लावला की रक्त. बहुतेक दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतं आणि आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातं. रक्त येतं म्हणून बाई तिथे ब्रश लावायचं टाळते, थर आणखी जाड होतो, रक्त आणखी येतं. मी नेमकी तशीच टाळत होते. पुढचे दात चमकवायचे आणि हिरडीच्या कडेला ब्रश पोहोचूच द्यायचे नाही.

मी मोठ्या मायच्या हिशोबाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्यांचं बघणं खरं आहे, कारण वेगळं आहे. दातातलं कॅल्शियम बाळाला जात नाही, ते दातातून निघतच नाही. बाळाला आईच्या जेवणातून मिळतं, कमी पडलं तर हाडांतून. दात पडतात ते हिरडी आणि आतलं हाड खराब झाल्यामुळे. चार बाळंतपणं, चारही वेळा सुजलेल्या हिरड्या, कधी साफ केल्या नाहीत, वरून मिसरी. दर खेपेला एक दात जाणारच.’ घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मोठी माय बराच वेळ बोटानं आपल्या हिरडीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

बाळाला काही होईल का, हेही विचारलं. उत्तर प्रामाणिक मिळालं. हिरड्यांचा आजार फार वाढलेल्या बायकांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होणं, बाळाचं वजन कमी असणं जास्त दिसतं. पण हिरड्या साफ केल्या की ते टळतंच, असं ठामपणे सांगता येत नाही. हिरड्या साफ करणं मात्र सुरक्षित आहे, आणि आईचं तोंड बरं होतं हे नक्की. मला तेवढं पुरेसं होतं.

त्या दिवशी अर्धे दात साफ झाले, आठवड्यानं उरलेले. यंत्राच्या टोकातून पाणी येतं आणि बारीक थरथरीनं किटण सुटतं. सासूबाई म्हणत तसं त्यानं दात हलत नाहीत. किटणानं बुजलेल्या फटी मोकळ्या होतात म्हणून तसं वाटतं. मला सगळ्यात भीती होती ती घशात पाणी जाऊन उलटी होण्याची. मॅडमनी दर मिनिटाला थांबून पाणी ओढून घेतलं, आणि मला नाकानं संथ श्वास घ्यायला सांगितलं. एकदाच उमळलं, तेही थांबलं.

दाढेसाठी दुसऱ्या विभागात जावं लागलं, आणि तिथे एक्स-रेचं नाव निघालं. ह्यांचा चेहरा उतरला. तिथल्या सरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, दाताच्या एका छोट्या फोटोला किरण फार कमी लागतात, ते फक्त जबड्यावर रोखलेले असतात, आणि पोटावर व गळ्यावर शिशाचा पडदा घालतात. गरज नसेल तर काढणार नाही. पण कीड मुळापर्यंत गेलीय का हे कळल्याशिवाय हात घालणं जास्त वाईट. आत पू झाला, ताप आला, तर त्याचा त्रास बाळाला या फोटोपेक्षा कितीतरी जास्त. बधिर करायचं इंजेक्शन लिग्नोकेनचं. ते म्हणाले, ‘बाळंतपणात टाके घालताना हेच वापरतात.’ हे ऐकून ह्यांनी मान डोलावली.

कीड खोल होती, नसेच्या अगदी जवळ. सरांनी कीड काढून औषधाचं सिमेंट भरलं आणि सांगितलं की ही दाढ बाळंतपणापर्यंत निभावेल, पुढे कदाचित रूट कॅनाल करावं लागेल. दोन महिने आधी आला असतात तर साध्या भरण्यावर भागलं असतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. घरातल्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत तर नाहीच नाही. जंतुनाशक औषध लागलं तर टेट्रासायक्लिन चालत नाही, कारण बाळाचे दात पोटातच घडत असतात, साधारण सहाव्या आठवड्यापासून, आणि या औषधाचा डाग त्यांच्यावर कायमचा बसतो. माझ्या बाळाचे दात माझ्या पोटात तयार होतायत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बसमध्ये मी पोटावर हात ठेवून तेच मनात घोळवत होते.

वास मात्र एका दिवसात गेला नाही. तो का येतो हे कळल्यावर एकेक कारण धरून मागे लागावं लागलं.

ब्रश बदलला. मोठ्या डोक्याचा ब्रश मागच्या दाढांपर्यंत नेला की उलटी यायची, म्हणून लहान मुलांचा मऊ ब्रश घेतला. पेस्टच्या वासानंच मळमळायचं. तेव्हा आधी नुसत्या पाण्यानं सगळे दात घासून घ्यायचे, मग वाटाण्याएवढी, कमी तिखट चवीची फ्लोराइडची पेस्ट. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलका हलका. पहिले आठ दिवस रक्त येतच राहिलं, मला घाबरायला झालं, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की थांबायचं नाही. दहाव्या दिवशी चूळ पांढरी आली.

जिभेचा प्रश्न अवघड होता. वासाचा मोठा भाग जिभेच्या मागच्या अंगावर बसलेल्या पांढऱ्या थरातून येतो. तिथले जंतू अन्नाचे कण कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. पण सकाळी जीभ घासली की पोट ढवळून यायचं. मी ते रात्री करायला लागले, जेवणानंतर दोन तासांनी, तांब्याच्या पट्टीनं, श्वास बाहेर सोडता सोडता. मागून पुढे, दोन-तीनदा, हलकेच. सकाळच्या उलट्यांच्या वेळी जीभ घासायची नाही, हे कुणी सांगितलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

मॅडमनी दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनचं औषध लिहून दिलं होतं, चुळीला, गिळायचं नाही. ते पेस्टच्या लगेच मागोमाग घेतलं तर काम करत नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. त्यानं चव जराशी बदलते, आणि फार दिवस वापरलं तर दात तपकिरी दिसतात, म्हणून दोन आठवडे झाले की बंद. बाजारातली झणझणीत, अल्कोहोल असलेली माउथवॉश मी आधी वापरत होते. त्यानं तोंड उलट कोरडं पडायचं.

कोरडेपणा हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं, निदान आमच्या भागात. लाळ हीच तोंडाची खरी धुणारी. उलट्यांनी पाणी जातं, उन्हानं जातं, रात्री नाक चोंदतं म्हणून तोंडानं श्वास घेतला जातो, आणि शाळेत पाच तास बोलून घसा सुकतो. मी वर्गात टेबलावर बाटली ठेवली आणि प्रत्येक धड्यानंतर दोन घोट, असा नियम पहिलीच्या पोरांनाच करायला सांगितला. तेच ओरडायचे, ‘बाई, पाणी!’

खाण्यात दोन गोष्टी बदलल्या. रात्री भूक लागली की मी चहात बुडवून बिस्किटं खायचे आणि तशीच झोपायचे. तो लगदा दाढांत रात्रभर बसायचा. त्याजागी फुटाणे, शेंगदाणे, दही, आणि काही खाल्लं की चूळ. कैरी, चिंच, आवळा मी सोडलं नाही, डोहाळे होते ते. जेवणाबरोबर खायचं, दिवसभर चोखत बसायचं नाही, आणि नंतर पाणी. कांदा-लसणाचा ठेचा आणि शेवभाजी खाल्ल्यावर वास येणारच. तो काही तासांचा असतो, त्याची लाज मी बाळगली नाही. बडीशेप, ओवा चघळते, पण त्यानं वास झाकला जातो एवढंच. लोहाच्या गोळ्यांनी तोंडाला लोखंडासारखी चव यायची. गोळी झोपताना घेऊन चूळ भरली की सकाळी तेवढं जाणवायचं नाही. कॅल्शियमची गोळी लोहासोबत घ्यायची नाही हेही तेव्हाच कळलं.

श्रावणात घरी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. रविवारी रोटांचा स्वयंपाक, भाऊबंद सगळे जमलेले, आणि पहिल्याच घासाला माझ्या तोंडात रक्ताची गुळणी आली. आरशात पाहिलं तर वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीवर लालभडक गाठ, वाटाण्यापेक्षा लहान, तुतीच्या दाण्यासारखी. माझे हातपाय गार पडले. मनात एकच शब्द आला, तो मी उच्चारलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं धुळ्याला.

मॅडमनी पाहिलं आणि आधी माझा हात धरला. ‘कर्करोग नाही. गरोदरपणातच येते ही गाठ, थर जिथे साचतो तिथेच येते, पटकन रक्त येतं. बाळंत झाल्यावर बहुतेक वेळा आपोआप बसते.’ खाताना अडथळा होत असेल, फार रक्त जात असेल तर आताही काढता येते. पण बाळंतपणाआधी काढलेली पुन्हा उगवू शकते. आम्ही ठेवायचं ठरवलं. त्या जागी रोज मऊ ब्रश, दाताच्या फटीत धागा. एवढंच.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी झाली, 2 किलो 900 ग्रॅमची, दिवस पूर्ण भरून. माहेरी सव्वा महिना होते. माय म्हणायची बाळंतिणीनं दात घासू नयेत, दात ढिले होतात; आमची तडजोड झाली ती कोमट पाण्यावर. डिंकाचे आणि मेथीचे लाडू दिवसातून दोनदा, गुळातले, चिकट. लाडू झाला की मी चूळ भरायचे आणि रात्री कितीही झोप आली तरी ब्रश करून मगच पडायचे. जानेवारीच्या शेवटी गाठ दिसेनाशी झाली. एका सकाळी मी जीभ लावून शोधली आणि ती नव्हतीच.

मुलीच्या हिरड्या दूध पाजल्यावर मी ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसते. बाळाच्या तोंडात जन्मतः कीड लावणारे जंतू नसतात. ते बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून येतात. म्हणून आपल्या तोंडातला चमचा तिच्या तोंडात घालायचा नाही, भाकरी चावून भरवायची नाही. मोठ्या मायला हे सांगणं सगळ्यात जड गेलं, कारण त्यांनी चारही लेकरं तशीच वाढवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि चावलेला घास स्वतः गिळला. आता त्या भाकरी दुधात कुस्करून देतात.

सिमेंट भरलेली दाढ वर्षभर निभावली. मागच्या पंधरवड्यात थंड पाणी लागलं की झिणझिण्या यायला लागल्या, म्हणून फोन करून विचारलं. रूट कॅनाल करावं लागेल म्हणाले. मी पहिला प्रश्न दुधाचा विचारला. लिग्नोकेन दुधात नगण्य उतरतं, निघण्याआधी पाजून या आणि परत गेल्यावर नेहमीसारखं पाजा, दूध काढून टाकायची गरज नाही, असं सांगितलं. येत्या गुरुवारी सकाळच्या बसनं निघतोय. सोबत सासूबाईही येणार आहेत. त्यांची एक दाढ सहा वर्षांपासून हलते आहे, आणि काल त्यांनी ते मला चुलीपाशी, दार लोटून घेऊन सांगितलं.